एका फुटाला साडेतीन मिलिमीटर

डोंबिवलीला मी ज्यांच्याकडे भाड्याने राहत होतो, त्यांच्या जेवणाच्या टेबलावर कुणी जेवत नसे. त्यावर पितळेचे पत्रे, बारीक कानशी, सोल्डरिंग आयर्न आणि मधोमध एक अर्धवट झालेलं रेल्वे इंजिन असे. लांबीला वीतभर. आम्ही तिघं स्वयंपाकघरात खाली बसून जेवायचो आणि काकू आठवड्यातून एकदा तरी म्हणायच्या, "टेबल माणसांसाठी घेतलं होतं हो." काका मान डोलवायचे. त्यांना ऐकू आलेलं नसायचं.

काका रेल्वेच्या कल्याणच्या इंजिन-शेडमधून बॉयलरमेकर म्हणून निवृत्त झाले होते. उमेदीची सगळी वर्षं वाफेच्या इंजिनांच्या बॉयलरमध्ये आत शिरून रिव्हेट ठोकण्यात गेली. लोखंडी पिंपात बसायचं आणि आतून-बाहेरून घण पडायचे. त्यामुळे कान गेले. एकदम नाही, वरच्या मजल्यापासून एकेक खोली बंद करत यावं तसे. आधी चिमण्या गेल्या, मग दारावरची घंटा, मग काकूंचा आवाज. माझा आवाज जाड असल्यामुळे तो बरेच दिवस टिकला. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेलं परत येणार नाही आणि उरलेलंही जाईल. काकांनी मला हे सांगितलं तेव्हा ते पत्र्याला भोकं पाडत होते, आणि थांबले नाहीत.

"जाण्याआधी हिला एकदा ऐकायचंय," ते म्हणाले. "दसऱ्यापर्यंत होईल का रे, बीएस्सी?"

मला ते बीएस्सी म्हणायचे. जळगावकडच्या एका लहान गावातून मी आलो होतो. आमच्या घरात शाळेची शेवटची पायरी चढलेलंही कुणी नव्हतं, त्यामुळे पदवी घेतलेला मी गावाला फार मोठा वाटायचो. मानपाड्याच्या कारखान्यात मी व्होल्टेज स्टॅबिलायझर तपासायचं काम करत होतो. शाळेत आम्हाला ध्वनी शिकवला गेला तो एका नादकाट्यावर, आणि तो नादकाटा कपाटात कुलुपात असे. सर काचेतून दाखवायचे. तेव्हा आवाजाबद्दल मला कितपत कळत होतं हे वेगळं सांगायला नको. पण काका-काकूंनी मला खोली दिली होती ती भाडेकरू म्हणून, आणि वागवलं ते घरचा म्हणून. पहिल्या पावसाळ्यात ताप आला तेव्हा काकू उशाशी बसल्या होत्या. काकांनी काही मागावं आणि मी नाही म्हणावं हे मला सुचलंच नाही. मी म्हणालो, "होईल की, काका." काय होईल ते मला माहीत नव्हतं.

ही म्हणजे कल्याण यार्डात डबे इकडून तिकडे ढकलणारं एक जुनं वाफेचं इंजिन. दिसायला काही विशेष नाही. लांब पल्ल्याच्या गाड्यांना जोडायच्या लायकीची राहिली नाही म्हणून यार्डात ठेवलेली, आणि काका तिच्या बॉयलरचे डॉक्टर. विजेची इंजिनं केव्हाच आली होती. वाफेची शेवटची काही उरली होती तीही भंगारात निघाली. ती तोडायला नेण्याआधी काकांनी टेप घेऊन तिची मापं काढली आणि निवृत्त झाल्यावर मॉडेल करायला बसले. प्रमाण ठरवलं एका फुटाला साडेतीन मिलिमीटर. अर्धं माप इंग्रजांचं, अर्धं आपलं. मी विचारलं की असं का, तर म्हणाले, "इंजिन फुटांत बांधलेलं, माझी पट्टी मिलिमीटरची. मी काय करू?" नंतर कळलं की जगभरात छोट्या गाड्या करणारे पुष्कळ लोक हेच प्रमाण धरतात.

या प्रमाणाच्या बाबतीत काका कडक होते. परदेशी खेळण्यातले रूळ आपल्या ब्रॉडगेजला अरुंद पडतात म्हणून त्यांनी रूळसुद्धा स्वतः केले, सव्वाएकोणीस मिलिमीटर अंतराचे. बॉयलरवरचे रिव्हेट पत्र्याच्या मागून सुई दाबून उठवलेले. नुसत्या डोळ्यांना ते कांजिण्यांसारखे दिसत; भिंग धरलं की रांगेत उभे राहत. एकदा एक रांग वाकडी गेली म्हणून त्यांनी अख्खा पत्रा टाकून दिला. काकूंनी त्याचा शेवगा खरवडायला उपयोग केला.

माझ्याकडे आवाज होता. म्हणजे आवाजाचं काम होतं.

पहिला गोंधळ माझ्या डोक्यात पहिल्याच रविवारी झाला. फुटाचे साडेतीन मिलिमीटर, म्हणजे सगळं सत्त्याऐंशी पटीने लहान केलं, तर आवाज किती लहान करायचा? नुसता हळू करायचा, की बारीक पण करायचा? लहान घंटेचा आवाज बारीक असतो, मग लहान इंजिनाचाही बारीक हवा का? आणि झुकझुक? ती सत्त्याऐंशी पटीने भरभर हवी का? मी रात्रपाळी करून आलेल्या माणसासारखा टेबलापाशी बसून राहिलो. काकांना विचारलं, तर म्हणाले, "तू शिकलायस ना हे?" मी शिकलो नव्हतो. कुठल्याही पुस्तकात हे नव्हतं.

झुकझुकीचं मात्र कागदावर सुटलं. दोन सिलिंडरच्या वाफेच्या इंजिनाचं चाक एकदा फिरलं की चार वेळा वाफ बाहेर पडते, म्हणून चार ठोके. मॉडेलमध्ये चाक लहान झालं आणि जायचं अंतरही तितकंच लहान झालं, तेव्हा मिनिटाच्या फेऱ्या त्याच राहतात. म्हणजे अंतर लहान होतं पण वेळ लहान होत नाही. हे लक्षात आलं तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. मला उलट भीतीच वाटली. टेबलावरच्या त्या इंजिनाला लांबी आमच्याहून वेगळी आणि वेळ मात्र आमचीच, हे काहीतरी चुकतंय असं मला दिवसभर वाटत राहिलं.

आवाज तयार करणं त्या मानाने सोपं निघालं. रेडिओ दोन स्टेशनांच्या मधे ठेवला की जी खरखर येते, तिचे तुकडे केले की झुक झुक होते. एक ट्रान्झिस्टर उलटा जोडला की तो आपोआप खरखरतो. ती खरखर मोठी करायची आणि चाकाच्या आसावर चार दात असलेली एक चकती बसवायची. प्रत्येक दात एका पातळ पट्टीला टेकला की खरखरीला दार उघडतं, दात सरकला की बंद. कारखान्यातल्या मोडक्या बोर्डांवरून भाग काढायची परवानगी मला साहेबांनी दिली होती. "काय करणार आहेस?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "इंजिनाचा आवाज." ते म्हणाले, "स्टॅबिलायझरचा आवाज येतो तो आधी बंद कर."

अडलं ते स्पीकरपाशी. इंजिनाच्या मागे कोळसा-पाण्याचा डबा असतो, टेंडर. आमच्या मापात तो दोन बोटं रुंद. ट्रान्झिस्टर रेडिओचा सर्वांत लहान स्पीकरही त्यात मावेना. शेवटी कानाला लावायच्या हेडफोनमधली एक टिकली काढली. ती बसली. पण उघडी टिकली नुसती डास गुणगुणल्यासारखी वाजते. तिच्यामागे बंद पेटी लागते, आणि पेटीसाठी टेंडर वाढवायला हवं होतं.

"किती?" काकांनी विचारलं.

"दोन मिलिमीटर. फक्त उंची."

काकांनी चष्मा काढला. "दोन मिलिमीटर म्हणजे खऱ्यात सात इंच. सात इंच उंच टेंडर. बोगद्यात अडकलं तर तू जाणार का काढायला?"

"काका, इथे कुठे बोगदा आहे?"

"पारसिकला आहे."

"पण ही टेबलावर चालणार."

"मग रिव्हेट तरी कशाला केले मी?" ते म्हणाले आणि चष्मा लावून पुन्हा कानस हातात घेतली.

आवाज ज्याच्यासाठी करायचा तोच माणूस आवाजाला दोन मिलिमीटर द्यायला तयार नव्हता. मी काकूंना म्हटलं, काकांना नक्की काय हवंय? काकू भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "ते तुला कळलं की मलाही सांग."

तोडगा काढला तो ठाण्याच्या अंकलनी. अंकल म्हणजे काकांचे जुने मित्र, निवृत्त ड्रायव्हर. ठाण्याच्या खाडीकडच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतलं घर, मागे थोडी शेती होती ती आता इमारतींना गेलेली. हेच इंजिन ते यार्डात चालवायचे. महिन्यातून एखाद्या रविवारी दुपारी ते यायचे, काकूंच्या हातची आमटी दोनदा मागून घ्यायचे आणि मॉडेलमधल्या चुका काढायचे. भांडण ऐकून ते म्हणाले, "अरे बाबा, टेंडर कशाला वाढवतोस? वर कोळसा टाक ना. आम्ही काय कोळसा पट्टी लावून भरायचो?"

कोळशाला माप नाही हे काकांना मान्य करावं लागलं. टेंडर तसंच राहिलं, पेटी वर दोन मिलिमीटर आली आणि तिच्यावर कोळशाचा ढीग. ठाकुर्लीच्या जुन्या वीजघराच्या बाजूला पडलेले दोन खडे काकांनी आणून खलबत्त्यात कुटले आणि चहाच्या गाळणीने चाळले. ती गाळणी काकूंनी परत घेतली नाही. ढिगाच्या फटींतून आवाज बाहेर यायचा. दिसायलाही छान, जड दिसायचं टेंडर.

आणखी एक अडचण होती, ती थोडक्यात सांगतो. इंजिन रुळांतूनच वीज घेई. हळू चालवायचं तर वीज कमी सोडायची, आणि वीज कमी झाली की माझं सर्किट झोपी जाई. म्हणजे यार्डातलं इंजिन जेव्हा सावकाश, एकेक ठोका स्पष्ट देत चालायला हवं, नेमकं तेव्हाच मुकं, आणि मेलगाडीसारखं धावलं की बडबडं. त्यावर रुळांत वीज पूर्ण ताकदीची, पण तुकड्यातुकड्यांनी सोडायची, असा उपाय सापडला. तो शोधण्यात माझे किती रविवार गेले ते काकूंना विचारा.

श्रावणातल्या एका रविवारी दुपारी आम्ही तिला पहिल्यांदा आवाजासकट चालवली. काकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. काकू दारात, अंकल खुर्चीत, मी बटणापाशी. टेबलावरच्या प्लायवूडच्या फळीवर रुळांचं एक लांबट वळसा घातलेलं कडं होतं. मी बटण हळूहळू फिरवलं आणि ती निघाली. झुक, झुक, झुक, झुक. बारीक पण अगदी स्वच्छ. अंकलनी मांडीवर थाप मारली. "हे बघ, हे बघ. पोरगा शिकलेला आहे."

काका हसत होते. ठोक्याठोक्याला त्यांची मान हलत होती, अगदी बरोबर तालात. मला इतकं भरून आलं की मी खाली बघितलं. वळणावर टेंडरची एक तार तुटली आणि आवाज बंद पडला. इंजिन चालतच राहिलं.

काकांची मान हलतच होती.

चाकाच्या बाजूचा दांडा मागेपुढे होत होता, त्याच्याकडे बघून ते मान हलवत होते. अंकलनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं. मला बटण बंद करावं की चालू ठेवावं ते कळेना. मी चालू ठेवलं. आणखी दोन वळसे झाले. काका म्हणाले, "वा. मस्त आवाज आहे."

स्वयंपाकघरात काकूंनी कपात चहा ओतता ओतता मला हळूच विचारलं, "तुला कळलं ना?" मी हो म्हणालो. "ऐकू येतं म्हणायचे, पण मला दाराची कडी वाजवून कळलं होतं," त्या म्हणाल्या. "तिसऱ्यांदा वाजवली तेव्हा."

माझी चूक कुठे झाली ते समजायला मला आठवडा लागला. सर्किट ठीक होतं. टिकलीएवढा स्पीकर फक्त वरचे, बारीक सूर देतो. आणि काकांचे कान गेले होते ते नेमके वरचे सूर घेणारे. मी त्यांच्यासाठी जगातला असा एक आवाज शोधून तयार केला होता जो घरातल्या सगळ्यांना ऐकू येईल आणि त्यांना एकट्याला नाही. खालचे, जाड सूर हवे होते. जाड सुरांना मोठा स्पीकर लागतो, कमीत कमी हाताच्या पंजाएवढा. पंजाएवढा स्पीकर टेंडरमध्ये बसवायचा तर इंजिन बैलगाडीएवढं व्हायला हवं होतं.

काकांना मी हे सांगितलं नाही. सांगितलं ते काकांनीच मला. पुढच्या रविवारी ते म्हणाले, "तू तार जोडलीस का?" म्हणजे त्यांना ठाऊक होतं. मग त्यांनी खिशातून लांब स्क्रू-ड्रायव्हर काढला. शेडमध्ये बेअरिंग बिघडलं की ओळखायची रीत अशी होती की स्क्रू-ड्रायव्हरचं टोक यंत्राला टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. हवेतून न येणारा आवाज हाडातून येतो. त्यांनी टोक टेंडरला टेकवलं. त्या भाराने इंजिन जागेवरच थांबलं, चाकं घसरू लागली आणि रिव्हेटची एक रांग चेपली.

"आता मात्र मापात राहिली नाही," काका म्हणाले. ते चिडले नव्हते. मला वाटतं ते चिडले असते तर बरं झालं असतं.

त्या स्क्रू-ड्रायव्हरवरूनच मला सुचलं. हाडातून ऐकायचं तर इंजिनाला हात कशाला लावायचा, फळी आहेच की. जुन्या रेडिओचा मोठा स्पीकर मी प्लायवूडच्या फळीला खालून बसवला. दात पट्टीला टेकला की रुळातल्या विजेला जरासा हिसका बसे. तो हिसका फळीखाली पकडून तिथेही तसाच ठोका वाजवायचा. कागदावर सोपं होतं. प्रत्यक्षात काकूंनी मिक्सर लावला की इंजिन जागच्या जागी धापा टाकू लागे. एकदा तर इंजिन डब्यात बंद करून ठेवलेलं होतं आणि रिकामी फळी चटणी वाटून होईपर्यंत झुकझुकत होती. काकू मिक्सरवर हात ठेवून म्हणाल्या, "आता ही माझ्यावर चालते का?"

तेही निस्तरलं. पण अंकलनी बघून नाक मुरडलं. "इंजिन तिकडे आणि आवाज इकडे? असं भूतबित चालतं."

मी दोन्ही स्पीकर एकदम चालू केले, टेंडरमधली टिकली आणि फळीखालचा मोठा. आणि मला आजवर नवल वाटतं ते हे, की सगळा आवाज इंजिनातून येऊ लागला. जाड ठोकासुद्धा तिच्याबरोबर वळसा घालत होता. मी फळीखाली वाकून बघितलं; स्पीकर तिथेच होता. कान या बाबतीत बारीक सुरावरून दिशा ठरवतो आणि बाकीचं त्यात मिसळून घेतो, हे मला पुष्कळ वर्षांनी एका पुस्तकात सापडलं. तेव्हा वाटलं की मीही आता काकांसारखा डोळ्यांनी ऐकायला लागलो.

काकांनी खुर्ची ओढली. उजवं कोपर फळीवर टेकलं आणि तळहात कानामागे धरला, चिंतेत बसलेल्या माणसासारखा. मी बटण फिरवलं. या वेळी त्यांची मान हलली नाही. त्यांनी डोळे बारीक केले आणि पूर्ण एक वळसा झाल्यावर विचारलं, "हे काय आहे?"

"इंजिन, काका."

"कुणाचं?"

"आपलंच."

"आपलं नाही हे." त्यांनी कोपर उचललं नाही. "ही लंगडते कुठे?"

मला काहीच कळेना. अंकल मात्र खुर्चीतून पुढे झाले. "अरे हां. लंगडायची ती. वाल्व्ह कधी बरोबर बसलाच नाही तिचा."

मग दोघांनी मिळून सांगितलं. त्या इंजिनाचे चार ठोके सारखे नव्हते. तीन ठणठणीत आणि एक मऊ, जरा उशिरा पडणारा, पाय ओढत चालल्यासारखा. लांबून ऐकलं तरी शेडमध्ये सगळे ओळखायचे की ही आली. मी चार दात मोठ्या काळजीने अगदी सारखे घासले होते. वर्षभर हा माणूस तिचा एकेक रिव्हेट जागेवर बसवत होता, आणि तिचा दोष हाही तिचं मापच आहे हे मला सांगायचं त्याला सुचलं नव्हतं. मी विचारलंही, "काका, हे आधी का नाही सांगितलंत?"

"आवाज आल्यावर सांगणार ना? मला काय माहीत तुला कसला येतो तो."

"मग कुठला ठोका मऊ करू?"

"चौथा," काका म्हणाले.

"पहिला," अंकल म्हणाले.

"चौथा."

"ती चालवायचं कोण, तू का मी?"

"तू वर बसून टोपी सांभाळायचास. मी खाली दुरुस्तीच्या खड्ड्यात असायचो."

"खड्ड्यात झोपायचास."

हे भांडण चहा संपला तरी चाललं. मी मात्र वेगळ्याच जागी अडकलो होतो. गोल फिरणाऱ्या चाकाला पहिला ठोका कुठला आणि चौथा कुठला? चौथ्यानंतर पुन्हा पहिलाच येतो. कुठून मोजायचं? मी ते विचारलं, तर दोघांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू बीएस्सी झालेल्या माणसाला चार आकडे मोजता येत नाहीत. अंकल म्हणाले, "डाव्या बाजूचा दांडा खाली आला की पहिला. सोपं आहे." काका म्हणाले, "उजव्या बाजूचा खाली आला की पहिला." ड्रायव्हर डावीकडे बसतो, म्हणून अंकल डावीकडून मोजत होते, काकांची खड्ड्यातली जागा उजवीकडे होती. दोन्ही बाजूंचे दांडे एकमेकांच्या पाव फेरीने पुढेमागे असतात. मी इंजिन हातात घेऊन चाक बोटाने फिरवत राहिलो. अंकलचा पहिला आणि काकांचा चौथा हा एकच दात आहे असं मला वाटलं. उलट फिरवल्यावर तसं वाटेना. कोण पुढे जाताना मोजतोय आणि कोण मागे, हेही ठरेना. आजही कुणी पेन्सिल देऊन मांडायला सांगितलं तर मी खात्रीने सांगू शकणार नाही.

शेवटी काकांनी माझ्या हातातून चकती घेतली, सुईसारखी बारीक कानस काढली आणि एक दात घासायला लागले. कुठला, ते त्यांनी अंकलना दाखवलं नाही.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी टेबलावर पूजा मांडली. शेडमध्ये या दिवशी इंजिनांना झेंडूच्या माळा घालून शिट्ट्या वाजवायचे, तसं घरी काका स्वतःची हत्यारं मांडायचे. घण, छिन्न्या, टेप, त्यांच्यापुढे यंदा फळीवर ही. काकूंनी हळदकुंकू वाहिलं आणि एक झेंडूचं फूल इंजिनावर ठेवलं. फुलाखाली निम्मं इंजिन दिसेनासं झालं.

"हे मापात नाही," काका म्हणाले.

"देवाला चालतं," काकू म्हणाल्या. मग त्यांनी फूल उचलून त्याची एकच पाकळी बॉयलरवर ठेवली. काकांनी ती जराशी मागे सरकवली, धुरांड्यापासून दूर.

अंकल ठाण्याहून आले होते, घरचा केक घेऊन. मी बटणापाशी बसलो. काकांनी माझा हात बाजूला केला आणि बटण स्वतः धरलं, डाव्या हाताने. उजवं कोपर फळीवर, तळहात कानामागे. ती इतकी हळू निघाली की मला वाटलं वीज पोचली नाही. मग तीन ठोके आले आणि चौथा पाय ओढत आला. पुन्हा तीन, पुन्हा तो. पाकळी थरथरत होती. अंकलनी तोंड उघडलं, बहुधा दात चुकीचा घासलाय असं सांगायला, आणि मिटलं.

मी काकांच्या मानेकडे बघत होतो. ती हलत नव्हती. दांड्याकडेही ते बघत नव्हते. त्यांची नजर खिडकीखालच्या रिकाम्या भिंतीवर होती. मला काही समजेना. ऐकू येतंय, की कोपराला जाणवतंय, की दोन्ही नाही आणि ते आमच्यासाठी बसले आहेत? गेल्या वेळी मला ताल बघून खात्री झाली होती आणि ती खोटी निघाली होती. या वेळी ताल धरलेलाच नव्हता.

काकूंनाही तसंच वाटलं असावं. त्या जवळ आल्या आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात, कानाशी वाकून म्हणाल्या, "अहो, येतंय का ऐकू?"

काकांनी मान वळवली नाही. बटणावरचं बोट उचलून ओठांवर धरलं.

"हळू बोल," ते म्हणाले. "ती चालतेय."